पोट साफ होण्याचे औषध पोटात नेमके काय करते?

दवाखान्यात येणारा रुग्ण तापाचा असो, गुडघेदुखीचा असो की रक्तदाबाचा, उठता उठता एक वाक्य हमखास बोलतो : "डॉक्टर, तेवढं पोट साफ व्हायचं काहीतरी लिहून द्या." पोट साफ असणे ही आपल्याकडे आरोग्याची पहिली खूण मानतात, आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते असे की, लिहून दिलेले औषध पोटात जाऊन काय करते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. न विचारल्यामुळे भलतीच अपेक्षा ठेवून औषध घेतले जाते, एका रात्रीत गुण आला नाही म्हणून बाटली फडताळात जाते आणि रुग्ण पुन्हा ओळखीच्या चूर्णाकडे वळतो. त्रास वर्षानुवर्षे तसाच राहतो.

म्हणून आज एकाच औषधाची ओळख करून घेऊ. जुनाट मलावरोधासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नेहमी दिसणारे, दाट, गोड, पाकासारखे पातळ औषध. त्याचे नाव लॅक्ट्युलोज. वेगवेगळ्या कंपन्या ते वेगवेगळ्या नावांनी विकतात, पण बाटलीवर बारीक अक्षरांत हे नाव सापडेल.

मलावरोध कशाला म्हणावे?

रोज सकाळी एकदा शौचास झालेच पाहिजे, असा आपला समज आहे. शास्त्र इतके कडक नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यांमधली कोणतीही सवय निरोगी माणसाची असू शकते. मात्र मल मऊ हवा आणि कुंथावे लागता कामा नये. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मल खड्यासारखा कडक असणे, फार जोर करावा लागणे, होऊनही "अजून राहिले आहे" असे वाटणे, हा त्रास महिनोन्‌महिने चालला की त्याला जुनाट मलावरोध म्हणतात.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी १९९७ साली मलाच्या स्वरूपाचे सात प्रकार मांडले. जगभरचे डॉक्टर आज तो तक्ता वापरतात. पहिला प्रकार शेळीच्या लेंड्यांसारखा सुटा आणि कडक, चौथा मऊ आणि लांबट, सातवा निव्वळ पाण्यासारखा. पहिले दोन प्रकार मलावरोधाचे. डॉक्टरांना "साफ होत नाही" एवढेच सांगण्यापेक्षा मल कसा असतो आणि किती दिवसांनी होतो, हे सांगितलेत तर उपचार निम्म्याने सोपा होतो. यात लाजण्यासारखे काही नाही.

नऊ लिटरचा हिशेब

औषध समजायचे तर आधी आतड्यातला पाण्याचा हिशेब समजला पाहिजे. पाणी, चहा, आमटी, ताक मिळून आपण दिवसाला दोनेक लिटर द्रव पोटात घेतो. त्यात लाळ, जठरातील रस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून आणखी सुमारे सात लिटरची भर पडते. या नऊ लिटरपैकी बहुतेक पाणी लहान आतडे शोषून घेते. एक ते दीड लिटर मोठ्या आतड्यात पोचते. तेथेही शोषण चालूच असते, आणि शेवटी मलाबरोबर बाहेर पडते ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एखादा कप.

मोठे आतडे साधारण पाच फूट लांब असते. त्यातून मल सावकाश पुढे सरकतो आणि सरकता सरकता त्यातले पाणी कमी होत जाते. तो जितका रेंगाळेल तितका सुकेल. ओली माती उन्हात राहिली की तिचे ढेकूळ होते, तसेच हे. म्हणून शौचाची जाणीव झाली असता ती दाबून ठेवणे वाईट. एस.टी.चे चालक-वाहक, बाजारात बसणाऱ्या मावश्या, शाळेतले स्वच्छतागृह घाण म्हणून घरी येईपर्यंत थांबणारी मुले, या सर्वांच्या मलावरोधाचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

"मग भरपूर पाणी प्यायले की झाले," असे कोणी म्हणेल. ज्याचे पाणी पिणेच कमी आहे त्याने ते जरूर वाढवावे. परंतु पुरेसे पाणी पिणाऱ्याने आणखी दोन तांबे प्यायले, तर ते वाटेतच शोषले जाते आणि लघवीवाटे निघून जाते. मोठ्या आतड्यापर्यंत ते पोचत नाही. प्रश्न पाणी पिण्याचा नसून, पाणी आतड्यात टिकवून धरण्याचा आहे. लॅक्ट्युलोज नेमके तेच करते.

दुधातल्या साखरेचे भावंड

दुधात जी साखर असते तिला लॅक्टोज म्हणतात. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या साखरा जोडून ती बनलेली असते. आपल्या लहान आतड्यात एक पाचक द्रव्य असते, ते ही जोडी तोडते आणि सुट्या झालेल्या साखरा रक्तात जातात. आता या जोडीतील ग्लुकोजच्या जागी फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, आली की लॅक्ट्युलोज तयार होते. दूध तापवताना अगदी अल्प प्रमाणात ते आपोआपही तयार होते. प्रयोगशाळेत ते प्रथम १९२९ साली बनवले गेले आणि १९५०च्या दशकापासून ते औषध म्हणून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही त्याचे नाव आहे.

बदल एवढासाच, पण त्याने सगळे चित्र पालटते. लॅक्ट्युलोजची जोडी तोडणारे पाचक द्रव्य माणसाच्या शरीरात नाही. त्यामुळे ते लहान आतड्यात पचत नाही, रक्तात जवळजवळ जात नाही आणि जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोचते. तेथे कोट्यवधी जंतूंची वसाहत असते. हे जंतू ही साखर आंबवतात. दुधाचे दही होताना तयार होते ते लॅक्टिक आम्ल, व्हिनेगरमध्ये असते ते ॲसेटिक आम्ल आणि थोडा वायू, असे पदार्थ त्यातून निर्माण होतात. न पचलेली साखर आणि ही आम्ले मिळून पाणी आपल्याकडे ओढतात आणि धरून ठेवतात. मल ओला होतो, फुगतो. मल फुगला की आतड्याची भिंत ताणली जाते, आणि ताण पडला की आतडे आपणहून आकुंचन पावून मल पुढे ढकलते. ती त्याची उपजत रीतच आहे.

ज्यांना दूध पचत नाही, त्यांचे पोट दूध प्यायल्यावर कसे गुडगुडते आणि ढाळ होतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. त्यामागचे कारण हेच. तेथे जो त्रास, तोच येथे मोजून-मापून औषध म्हणून वापरलेला आहे.

चूर्णाचा फेरा

आता याची तुलना बाजारातल्या जुलाबाच्या चूर्णांशी करून पाहा. त्यांतल्या अनेकांत मुख्य घटक सोनामुखी असतो. सोनामुखीतील द्रव्ये मोठ्या आतड्याच्या भिंतीला आणि तिच्यातील मज्जातंतूंना चेतवतात. आतडे जोराने आवळते आणि सहा ते बारा तासांत काम होते. रात्री घेतले, सकाळी मोकळे. म्हणूनच ते लोकांना आवडते.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींची गोष्ट सांगतो. ते दर तीन-चार दिवसांनी दोन मोठे चमचे चूर्ण घेत. दुसऱ्या दिवशी चार-पाच वेळा पातळ होई. मग पुढचे दोन दिवस काहीच नाही. पुन्हा चूर्ण. अशी आठ वर्षे गेली होती. गुरुजींना वाटे, आपले आतडे निकामी झाले. वस्तुस्थिती अशी होती की, जुलाबाने मोठे आतडे पुरते रिकामे होत असे, आणि रिकामे आतडे पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणारच. ते दोन दिवस मलावरोधाचे नव्हते. नुसते वाट पाहण्याचे होते. पण धीर न निघून ते पुन्हा चूर्ण घेत आणि फेरा पुन्हा सुरू होई.

सोनामुखी हे वाईट औषध आहे असे मी म्हणत नाही. तिच्यातील शुद्ध द्रव्याच्या गोळ्या आम्हीही प्रसंगी देतो. तिने आतडे कायमचे लुळे पडते, ही भीतीही पुराव्याने सिद्ध झालेली नाही. पण मोठ्या मात्रेत वरचेवर जुलाब घेतल्याने शरीरातील पाणी आणि पोटॅशियम कमी होते. अशक्तपणा येतो, पायांत गोळे येतात, क्वचित हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होतो. वृद्धांनी, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, हे विशेष ध्यानात ठेवावे.

पहिल्या रात्री काही झाले नाही तर?

तर काहीही बिघडलेले नाही. लॅक्ट्युलोजला मोठ्या आतड्यापर्यंत पोचायचे असते, जंतूंनी ते आंबवायचे असते, मग पाणी धरायचे असते. यात २४ ते ४८ तास जातात. काहींना तिसरा दिवसही उजाडतो. "रात्री घेतले, सकाळी काही नाही, औषध खोटे," असे म्हणून ते सोडणाऱ्यांनी औषधाला काम करण्याची संधीच दिलेली नसते. उलट काही जण पहिल्याच रात्री चिडून दुप्पट-तिप्पट घेतात आणि तिसऱ्या दिवशी ढाळ लागले म्हणून माझ्याकडे येतात. दोन्ही चुका एकाच गैरसमजातून होतात. हे औषध जुलाबाचे नाही, मल मऊ ठेवण्याचे आहे. ते रोज ठरल्या वेळी घ्यायचे असते. अडल्यावेळी घ्यायचे नसते.

प्रौढांना सुरुवातीला साधारणपणे दिवसाला १५ ते ३० मिलिलिटर देतात आणि मल मऊ होऊ लागला की मात्रा कमी करतात. तुमची मात्रा किती, हे डॉक्टरच ठरवतील. मोजायला बाटलीबरोबरचे टोपण वापरा. घरातले चमचे लहान-मोठे असतात. चव फार गोड वाटली तर पाण्यात किंवा दुधात मिसळून घेतले तरी चालते. औषध घेताना पाणी नेहमीसारखे भरपूर प्या, कारण धरायला पाणीच नसेल तर ते तरी काय धरणार?

पहिले काही दिवस पोट फुगते, गुडगुडते, वायू सरतो. आंबण्याच्या क्रियेत वायू तयार होतो, हे आपण वर पाहिलेच. बहुतेकांचा हा त्रास आठवड्याभरात कमी होतो. फारच झाला तर मात्रा कमी करून हळूहळू वाढवता येते. सतत पातळ होऊ लागले तर मात्रा जास्त होत आहे असे समजावे आणि डॉक्टरांना सांगावे.

"सवय लागेल का हो?" हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. हे औषध आतड्याच्या मज्जातंतूंना चाबूक मारत नाही; मल ओला ठेवून आतड्याला त्याचे स्वतःचे काम करू देते. व्यसन लागावे तसे ते लागत नाही. मात्र मूळ कारण तसेच राहिले आणि औषध थांबवले, तर त्रास परत येईल. त्याला सवय म्हणत नाहीत. चष्मा काढल्यावर अंधुक दिसते, म्हणून चष्म्याची सवय लागली असे आपण म्हणतो का?

दुसरा प्रश्न मधुमेहींचा. औषध गोड आहे, मग साखर वाढेल का? लॅक्ट्युलोज स्वतः रक्तात जवळजवळ शोषले जात नाही. पण बाटलीत थोड्या प्रमाणात इतर साखराही असतात. नेहमीच्या मात्रेत त्याने सहसा बाधा होत नाही. तरी मधुमेह असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे आणि मात्रा मोठी असेल तर रक्तातील साखर तपासत राहावे. गरोदर स्त्रियांनाही ते दिले जाते, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. गॅलॅक्टोज न पचण्याचा जन्मजात विकार असलेल्यांना मात्र ते देत नाहीत.

बाटली तीच, काम निराळे

येथे एक महत्त्वाची सूचना. यकृताचा सिरॉसिस झालेल्या रुग्णांनाही हेच औषध दिले जाते, आणि ते मलावरोधासाठी नसते. बिघडलेले यकृत रक्तातील अमोनिया काढून टाकू शकत नाही. तो मेंदूपर्यंत पोचला की रुग्ण असंबद्ध बोलतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, त्याचे हात थरथरतात, आणि शेवटी तो बेशुद्ध होतो. लॅक्ट्युलोजने मोठ्या आतड्यात जे आम्ल तयार होते, ते अमोनियाला तेथेच अडकवते आणि मलावाटे बाहेर काढते. अशा रुग्णाला दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचास व्हावे, हाच डॉक्टरांचा हेतू असतो. घरच्यांना वाटते, "आता तर चांगले साफ होतेय, कशाला द्यायचे?" आणि ते औषध बंद करतात. चार दिवसांत रुग्ण बडबडू लागतो. यकृताच्या रुग्णाचे हे औषध स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये. फार पातळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करावी.

याने भागले नाही तर?

लॅक्ट्युलोज हे एकमेव औषध नाही. पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाची पूड पाण्यात विरघळवून देतात. तीही पाणीच धरून ठेवते, पण जंतू तिला आंबवत नाहीत, म्हणून वायूचा त्रास कमी होतो. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१० साली दोघांची तुलना केली, तेव्हा या पुडीचे पारडे जड ठरले होते. ही औषधे पुरेशी घेऊनही ज्यांना गुण येत नाही, त्यांना प्रुकॅलोप्राइड ही गोळी देता येते. सेरोटोनिन नावाचे रसायन आतड्याच्या मज्जातंतूंना हालचालीचा निरोप देते. ही गोळी तोच निरोप पोचवते. युरोपात तिला २००९ साली आणि अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. याच प्रकारे काम करणारे सिसाप्राइड हे जुने औषध हृदयाचे ठोके बिघडवते असे आढळल्यावर अमेरिकेतील बाजारातून २००० साली मागे घेतले गेले आणि भारतात त्यावर २०११ साली बंदी आली. प्रुकॅलोप्राइडमध्ये तो दोष आढळलेला नाही. तरीही शेजाऱ्याला लागू पडली म्हणून मेडिकलमधून आणून घेण्याची ही गोळी नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि वृद्धांना तिची मात्रा कमी ठेवावी लागते.

काहींचा मल मऊ असतो, तरी बाहेर पडत नाही. जोर करताना गुदद्वाराचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जातात. दार बंद असताना मागून कितीही ढकलले तरी काय उपयोग? त्यांना औषधापेक्षा स्नायू सैल सोडण्याच्या शिक्षणाचा फायदा होतो.

आणि औषध सुरू करण्यापूर्वी आपण आणखी काय काय घेतो, हे डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, नैराश्यावरच्या काही गोळ्या, यांनीही मलावरोध होतो. थायरॉइडचे काम मंदावले तरी होतो. मूळ तेथे असेल तर उपचारही तेथेच करायला हवा.

केव्हा थांबू नये?

पुढील लक्षणे असतील तर बाटली बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी :

- मलावाटे रक्त जाणे. प्रत्येक रक्त मूळव्याधीचेच असते असे धरून चालू नये.
- वजन घटणे, भूक मंदावणे किंवा रक्त कमी झालेले आढळणे.
- पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे शौचाची सवय अचानक बदलणे.
- घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे.
- पोट फुगून दुखणे, उलट्या होणे आणि वायूही न सरणे. हा आतड्याचा अडथळा असू शकतो. अशा वेळी कोणतेही रेचक घेऊ नये, तडक रुग्णालय गाठावे.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांबाबत आणखी एक. आठवडाभर शौचास झालेले नसते आणि एक दिवस थोडे थोडे पातळ गळू लागते. घरचे म्हणतात, आजींना जुलाब लागले, आणि जुलाब थांबवण्याची गोळी देतात. प्रत्यक्षात आत कडक मलाचा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपत असते. थांबवण्याच्या गोळीने तो गोळा आणखी घट्ट होतो. अशा वेळी डॉक्टरांना घरी बोलावून तपासून घेणे हेच खरे.

औषधाच्या जोडीला

सकाळच्या चहा-न्याहारीनंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. ती वेळ शौचासाठी राखून ठेवा आणि घाई करू नका. कमोड वापरत असाल तर पायांखाली वीतभर उंचीचे स्टूल घ्या. उकिडवे बसल्यासारखी स्थिती होऊन मार्ग सरळ होतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, सालीसकट कडधान्ये, पेरू, पपई ही आपल्याकडे सहज मिळणारी तंतुमय अन्ने आहेत. ती एकदम न वाढवता हळूहळू वाढवा. इसबगोल घ्यायचा तर पेलाभर पाण्याबरोबरच घ्या. कोरडा कधी घेऊ नका.

औषध सुरू केल्यावर एका कागदावर तारीख, औषधाची मात्रा आणि मल कसा झाला हे दोन आठवडे टिपून ठेवा. पुढच्या भेटीत तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा. मात्रा वाढवायची, कमी करायची की औषधच बदलायचे, याचे उत्तर त्या कागदावर बहुधा लिहिलेले असते.